काल्पनिक नकाशाला आपल्या मातीचा रंग

बी. ए. द्वितीय वर्ष

आजकाल आपल्या महाविद्यालयातील काही मुले-मुली मोकळ्या तासाला संगणकावर किंवा मोबाइलवर काल्पनिक देशांचे नकाशे रंगविताना दिसतात. कोणी मनात एखाद्या कादंबरीचा आराखडा धरून, कोणी खेळासाठी, तर कोणी निव्वळ हौसेने. देश खोटा, नद्या खोट्या, राजधान्या खोट्या. पण डोंगराला सावली, पाण्याला खोली आणि जंगलाला दाटपणा असा, की पाहणाऱ्याला वाटावे, हे छायाचित्र विमानातूनच घेतले आहे. वडीलधारी मंडळी या छंदाला 'रिकामटेकडा उद्योग' म्हणतात. प्रस्तुत लेखात मला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली अशी की, हा उद्योग रिकामटेकडा नाही. दुसरी अशी की, आज आपण तो ज्या पद्धतीने करतो, ती पद्धत मात्र बदलली पाहिजे.

काल्पनिक भूगोल ही काही परदेशातून आलेली नवी टूम नव्हे. आपल्या पुराणांनी मधोमध मेरू पर्वत उभा केला, त्याच्याभोवती जंबुद्वीप मांडले, आणि एकाबाहेर एक अशी सात द्वीपे व सात समुद्र कल्पिले. खाऱ्या पाण्याचा, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि गोड्या पाण्याचा असे ते समुद्र. आपण आजही सहज 'सातासमुद्रापार' म्हणतो, तेव्हा त्या जुन्या नकाशावरच बोट ठेवत असतो. तिकडे इंग्लंड-स्कॉटलंडातही हेच घडले. स्टीव्हन्सन याने १८८१ साली घरातील एका मुलाच्या करमणुकीसाठी एका बेटाचा नकाशा रंगविला आणि त्या नकाशातून 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी जन्मली; १८८३ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली. टॉल्किन याने तर आपण आधी नकाशा केला आणि मग कथा त्यात बसविली, असे स्वतःच सांगितले आहे. आर. के. नारायण यांचे मालगुडी कोणत्याही सरकारी नकाशात नाही. तरी शरयू नदीपासून गावात कसे जावे, हे त्यांच्या वाचकाला कळते. तेव्हा ज्याला रिकामटेकडा उद्योग म्हणावे, त्यातून साहित्य उभे राहिले आहे, हे विसरून चालणार नाही.

फरक पडला तो साधनांचा. थॉमस व जॉन नोल या दोन भावांच्या प्रयत्नातून निघालेले फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. १९९६ मध्ये गिंप हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आले, पुढे क्रिता आले. ज्याच्या खिशात पैसा नाही, त्यालाही आता रंगपेटी मिळाली. या साधनांची किमया थरांमध्ये आहे. एका थरावर जमीन, दुसऱ्यावर सावली, तिसऱ्यावर नद्या, चौथ्यावर झाडी, सर्वांत वर गावांची नावे. एक थर बिघडला तर तेवढाच पुसावा, बाकीचे शाबूत राहतात.

डोंगर खरा वाटावा याचेही शास्त्र आहे. आधी सगळी जमीन करड्या रंगात रंगवावी. जिथे उंची, तिथे फिकट आणि जिथे खोली, तिथे गडद. मग प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून, म्हणजे वायव्येकडून पडतो असे धरून उजव्या उतारावर सावली द्यावी. प्रकाश खालून दिला तर डोळा फसतो आणि डोंगर खड्ड्यासारखा दिसू लागतो. उपग्रहाने हिवाळ्यात सकाळी घेतलेल्या आपल्या भागाच्या चित्रांत नेमके हेच होते, कारण तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो. संगणक येण्यापूर्वी ही विद्या हातानेच केली जाई. लेमान या जर्मन अधिकाऱ्याने १७९९ साली उतार दाखविण्यासाठी बारीक रेघांची पद्धत मांडली. उतार जितका तीव्र, तितकी रेघ जाड. विसाव्या शतकात एडुआर्ड इमहोफ या स्विस नकाशाकाराने सावलीला निळसर आणि उन्हाच्या बाजूला पिवळसर छटा देऊन आल्प्स पर्वत कागदावर जिवंत केला. आपण कुंचल्याचे चित्र असलेले बटण दाबतो, तेव्हा या माणसांचीच विद्या वापरत असतो.

इथवर सर्व ठीक. माझी तक्रार पुढे आहे. एवढी साधने हाती घेऊन आपण रंगवितो काय? सुळक्यासारखे बर्फाच्छादित पर्वत, सूचिपर्णी झाडांची राने आणि धुक्यातले किल्ले! असे का होते? कारण तयार कुंचले आणि तयार नमुने युरोप-अमेरिकेतून येतात, आणि आपण ते जसेच्या तसे चिकटवितो. ज्याने आयुष्यात बर्फ पाहिला तो फक्त रसवंतीच्या लाकडी पेटीत, त्याच्या नकाशात बारमाही हिमशिखरे असतात; आणि ज्या माळावर तो लहानाचा मोठा झाला, तो माळ त्याच्या स्वप्नातल्या देशात औषधालाही सापडत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

आपली भूमी कमी नवलाची आहे काय? दख्खनचे हे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेल्या लाव्हारसाचे बनले आहे. एकावर एक असे थर साचत गेले. कठीण खडकाचा थर कड्यासारखा उभा राहिला, मऊ थर झिजून उतार झाला. म्हणून आपले डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात आणि त्यांचे माथे सपाट असतात. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात. हा शब्दच मुळी पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. संगणकावर थर रचणाऱ्याला याहून चांगला गुरू कोठे मिळणार? औंढा नागनाथच्या बाजूची टेकाडे पाहावीत, मग पूर्णेकाठची काळी जमीन पाहावी. टेकाडावर मुरूम, उतारावर बरड, खाली भारी काळी. रंग वरून खाली कसा बदलतो, हे जवळा बाजारच्या रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट शिकायला मिळते.

नद्यांचेही तसेच. आपल्या मुलांच्या नकाशात एक नदी एका समुद्रातून निघून दुसऱ्या समुद्राला मिळते, किंवा डोंगर चढून पलीकडे उतरते. खऱ्या नद्या एकमेकींना मिळत जातात. त्रिभुज प्रदेशासारखी ठिकाणे सोडली तर त्या फुटत नाहीत. पण खऱ्या भूगोलात आश्चर्यही किती आहे! गोदावरी त्र्यंबकेश्वराला उगम पावते. तिथून अरबी समुद्र शंभर किलोमीटरही दूर नाही. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते, कारण सह्याद्रीच्या माथ्यापासून पठाराचा उतारच पूर्वेकडे आहे. अजिंठ्याच्या रांगेवर पडलेल्या पावसाचे उत्तरेकडचे पाणी तापीच्या वाटेने पश्चिम समुद्राला, तर दक्षिणेकडचे गोदावरीच्या वाटेने पूर्व समुद्राला जाते. महाराष्ट्रात एक पूर्णा तापीला मिळते आणि आपली पूर्णा गोदावरीला. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या आपल्या जिल्ह्यात सरासरी हजाराच्या आत. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला तर आकाशातून पडलेल्या अशनीने सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर करून ठेवले आहे. इतके गोल सरोवर कोणी काल्पनिक नकाशात काढले असते, तर आपणच त्याला 'अतिशयोक्ती' म्हणून हसलो असतो.

कोणी म्हणेल, देशच काल्पनिक, तर त्याला उतार आणि पावसाचे नियम कशाला? मला वाटते, मोठी कल्पना पचावी यासाठीच लहान गोष्टी खऱ्या असाव्या लागतात. राक्षसाची गोष्ट सांगणारी आजीसुद्धा विहिरीची खोली आणि रस्त्यातली बाभूळ नेमकी सांगते. म्हणून तर राक्षस खरा वाटतो. नदी चुकीची वाहिली की वाचकाचा त्या देशावरचा विश्वास उडतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खोटा प्रदेश इतका हुबेहूब रंगविता येतो, तर खऱ्या प्रदेशाचे खोटे चित्रही करता येईल. पूर नसलेल्या गावात पूर दाखविता येईल, माळावर जंगल दाखविता येईल. हा धोका मला मान्य आहे. म्हणूनच काल्पनिक नकाशावर 'काल्पनिक' असे स्पष्ट लिहिण्याची शिस्त आपण पहिल्यापासून लावून घेतली पाहिजे. परंतु विद्या टाळल्याने धोका टळत नाही. सावली कोठून पडते, हे ज्याने स्वतः रंगवून पाहिले, त्यालाच दुसऱ्याच्या चित्रातली उलटी सावली चटकन दिसते.

आता पोटापाण्याचा प्रश्न. 'याने नोकरी लागते काय?' असे आमच्या घरीही विचारतात, आणि ते विचारणे चूक नाही. कारण आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. नकाशाचे काम आज पाटबंधाऱ्यापासून पीकविम्यापर्यंत सगळीकडे लागते, हे खरे आहे. पण माझा मुद्दा निराळा आहे. आमच्यासारख्या घरांतली मुले या विद्येत कोरी पाटी घेऊन येत नाहीत. पाणी कोणत्या लवणात साचते, कोणता तुकडा चिबडतो, बांध कोठे घातला म्हणजे माती अडते, हे आमच्या वडिलांना कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत असते. पाठ्यपुस्तकात जिला समोच्च रेषा म्हणतात, तीच रेषा त्यांनी समतल बांधाच्या रूपाने शेतात ओढलेली असते. फक्त त्या ज्ञानाला 'भूगोल' असे नाव कोणी दिले नाही. हिमशिखरे रंगविताना हे सारे धन वाया जाते, आणि आपला माळ रंगवू लागताच उपयोगी पडते.

पूर्वी नकाशा करणे हा राज्यकर्त्यांचा अधिकार होता. विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ साली मद्रासहून देशाची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. अर्ध्या टनाचे यंत्र डोंगरावर चढवीत तो उत्तरेकडे सरकला आणि १८२३ साली आपल्याच महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. ती यंत्रे खांद्यावर वाहणारी माणसे याच देशाची होती. पण नकाशा त्यांचा नव्हता. आज परिस्थिती पालटली आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानाने रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचे आकडे कोणालाही फुकट मिळतात. इस्रोचे 'भुवन' २००९ पासून खुले आहे. २०२१ साली केंद्र सरकारनेही नकाशांवरील बरीच परवानगीची बंधने उठविली. औंढ्याच्या डोंगरांचे खरे चढउतार पडद्यावर आणून, ते समोर ठेवून आपला काल्पनिक देश रंगविणे आता विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले आहे.

आणि याच विद्येचे एक काम फार दिवस थांबता येणार नाही, असे आहे. आपल्या पूर्णेवर १९६० च्या दशकात येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे झाली. १९७६ साली पैठणच्या जायकवाडीचे लोकार्पण झाले. धरणांनी पाणी दिले, वीज दिली. परंतु त्यांच्या पोटात कित्येक गावांच्या पांढरी गेल्या. ती गावे आज काल्पनिकही नाहीत आणि नकाशावरही नाहीत. पार कोठे होता, ओढा कोणत्या बाजूने गावाला वळसा घेई, मळ्याची वाट कशी चढे, हे आता फक्त सत्तरी-ऐंशीच्या म्हाताऱ्या माणसांना आठवते. त्यांच्याजवळ बसून, ते सांगतील तसा चढ आणि उतार रंगवीत गेले तर ते गाव निदान कागदावर उभे राहील. त्यासाठी लागणारा कुंचला, लागणारे थर आणि लागणारी सावली तीच आहे, जी आपण आज बर्फाच्या डोंगरांवर खर्च करीत आहोत.

माझी सूचना साधी आहे. भूगोल आणि मराठी या दोन विभागांनी मिळून पुढील वार्षिकांकात दोन पाने राखून ठेवावीत. एका पानावर विद्यार्थ्यांनी कल्पिलेला देश छापावा. मात्र त्याची जमीन पूर्णेच्या खोऱ्याची असावी, आणि कडा, माळ, लवण, ओढा ही नावे आपल्या बोलीतील असावीत. दुसऱ्या पानावर पाण्याखाली गेलेल्या एका गावाचा, तेथील वृद्धांना विचारून रंगविलेला नकाशा असावा. संगणक कक्ष आठवड्यातून एक दिवस त्यासाठी मोकळा ठेवला तरी पुरे. प्राध्यापकांनी व विद्यार्थी मित्रमैत्रिणींनी याचा विचार करावा, आणि ज्यांच्या घरी अशा गावची म्हातारी माणसे आहेत, त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीतच वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे, एवढीच विनंती.