ल्युपसमधला ‘साधा’ ताप
ताप आला की गोळी घ्यायची आणि कपाशीच्या निंदणीला जायचं, ही जळगाव-धुळ्याकडच्या बायकांची सवय. ल्युपसमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजारात, ती धोक्याची ठरते, आणि या आजाराच्या दहा रुग्णांपैकी जवळपास नऊ बायकाच असतात. ताप आजार उसळल्याचा असतो किंवा जंतुसंसर्गाचा; उपचार वेगळे, म्हणून रक्त-लघवी तपासायलाच हवी. प्रत्येक शिंकेला दवाखाना कसा परवडेल, हा आक्षेप रास्त आहे. नुसत्या सर्दीला थांबता येतं, १००.४ अंशांच्या तापाला नाही. ल्युपसवर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे ताप दबूनही राहतो. स्टेरॉइड मनाने बंद करणं तर फार घातक. ल्युपसमध्ये दिला जाणारा ‘ऊन टाळा’ हा सल्लाही मजूर बाईला अपुरा आहे: आजार चाळवतात ती अतिनील किरणं, आणि ती फक्त मे महिन्यात नव्हे, थंडीतल्या कापूसवेचणीतही अंगावर पडतात. पूर्ण बाह्या, चेहऱ्यावर रुमाल आणि सकाळी लवकरचं काम तिला बारा महिने मिळायला हवं.