एकसष्ट दिवसांची मासेबंदी

ऑगस्टची पहिली तारीख जवळ आली की शापोऱ्याच्या धक्क्यावर ट्रॉलरांची लगबग सुरू होते. जाळी सांधून तयार असतात, बर्फाच्या लाद्या चढतात, दूर ओडिशा-झारखंडाकडून परतलेले खलाशी दोरखंड तपासतात. आणि दोन महिने सुक्या बांगड्यावर व पुरुमेंताच्या बेगमीवर भागविलेल्या आमच्या पेडण्याच्या गृहिणी ताज्या मासळीची वाट पाहू लागतात. उतावळा मालक त्याच रात्री निघतो. जाणता माणूस समुद्राचा रंग पाहतो व पुष्कळदा नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतो.

1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांस मासेमारी मना आहे. पूर्वी निरनिराळ्या राज्यांच्या मुदती निरनिराळ्या असत. 2015 साली केंद्र सरकारने सबंध पश्चिम किनाऱ्यासाठी हीच मुदत ठरविली, हे योग्यच झाले. कारण मासा काही तेरेखोलच्या खाडीवर हद्द पाहून थांबत नाही. या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, शिवाय बांगडा, तारली यांसारख्या मासळीच्या विणीचा काळ याच सुमारास येतो. अंडी भरलेली एक मादी जाळ्यात आली म्हणजे पुढच्या वर्षाची किती मासळी गेली, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. लहान पात्यांना व दहा अश्वशक्तीपर्यंतच्या यंत्रावर साधी जाळी टाकणाऱ्या होड्यांना सूट आहे. तीही न्याय्य आहे, असे आम्हांस वाटते.

हे नियम आयते मिळालेले नाहीत. ट्रॉलर आले तेव्हा रापण ओढणाऱ्यांच्या वाट्याची मासळी किनाऱ्याजवळच खरवडली जाऊ लागली. सत्तरच्या दशकात रापणकारांनी मातानी साल्ढाणा यांच्या पुढाकाराने मोठे आंदोलन केले, आणि 1980 साली गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत ट्रॉलरांना मज्जाव झाला. पुढे 2017 साली प्रखर दिवे लावून मासळी गोळा करण्यासही बंदी आली. तरी रात्री क्षितिजावर ते दिवे दिसतात, अशी तक्रार कोळीवाड्यांतून ऐकू येतेच.

पोर्तुगीज अमदानीतल्या आमच्या वडीलधाऱ्यांना बाकाल्याव, म्हणजे खारवलेला कॉड मासा, ठाऊक होता. तो मासा जिथे अमाप, त्या न्यूफाउंडलंडच्या समुद्रात तो इतका उपसला गेला की 2 जुलै 1992 रोजी कॅनडा सरकारला मासेमारी बंद करावी लागली. सुमारे 30,000 माणसांचा रोजगार गेला. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती. ती उठली 2024 साली, आणि तीही वर्षाला 18,000 टनांची मर्यादा घालून. दोन महिने थांबणे कोणाला जड वाटत असेल त्याने ही बत्तीस वर्षे आठवावी.

डिचोलीकरांना वाटेल, आमच्या तालुक्याला समुद्र नाही, आमचा काय संबंध? परंतु पहिल्या पावसात ओहोळांतून व शेतांतून जे मासे वर चढतात, ते अंडी घालण्यासाठीच निघालेले असतात. नेमके तेव्हाच आपण बांधाच्या तोंडाशी सापळे लावतो. चढणीच्या माशांची चव आम्हीही घेतलेली आहे, म्हणून इतरांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस थोडाच आहे. परंतु समुद्रावर जे आपण पाप मानतो, ते ओहोळावर गंमत कसे ठरते?

गेल्या जुलैच्या अखेरीस एक मालक आमच्याकडे आला. “फादर, होडीला आशीर्वाद द्या, पण 29 तारखेलाच या.” घाईचे कारण विचारले, तेव्हा तो खाली पाहू लागला. मग म्हणाला, “दुसरे दोन रात्री आधी जातात, फादर. आम्हीच का मागे राहावे? बँकेचा हप्ता काही बंदी पाळत नाही.” हप्त्याची गोष्ट खोटी नव्हती, त्याच्या घरी शिकणारी तीन मुले आहेत, हेही आम्हांस माहीत होते. दुसरे खरेच आधी जात असतील, तर पाळणाराच नाडला जातो, हेही त्याचे म्हणणे नाकारता येईना. आम्ही एवढेच म्हणालो, “बाबा, आम्ही 1 तारखेला सकाळी येऊ.”

तो काही न बोलता गेला. 1 तारखेस सकाळी आम्ही धक्क्यावर पोचलो, तेव्हा होडी जागेवर होती आणि जाळी कोरडी होती.