विश्लेषण : तिघांनी तपासले, तरी सुमारे ९० कोटी डॉलर चुकून गेले! बँकेतील मानवी चूक इतकी महाग का पडते?

बँकेत मोठा व्यवहार एकट्याच्या हातात नसतो. एक जण नोंद करतो, दुसरा तपासतो. तरीही चूक निसटते. सिटीबँकेचे २०२० मधील प्रकरण त्याचे बोलके उदाहरण आहे.

काय घडले होते?

रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जाचे व्यवहार सिटीबँक पाहत होती. ११ ऑगस्ट २०२० रोजी कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यायचे होते. प्रत्यक्षात सुमारे ९० कोटी डॉलर गेले. म्हणजे व्याजासोबत अख्खे मुद्दलही!

चूक नेमकी कुठे झाली?

मुद्दल बँकेच्याच अंतर्गत खात्यात ठेवण्यासाठी संगणकावर तीन चौकटी भरणे आवश्यक होते. एकच भरली गेली. नोंद करणारा आणि तपासणारा हे भारतातील कंत्राटी कर्मचारी होते, तर अंतिम मंजुरी देणारा अमेरिकेतील बँक अधिकारी. एकच चौकट पुरेशी आहे, असा तिघांचाही समज होता. ‘पैसे बँकेबाहेर जातील’ अशी सूचना पडद्यावर आली. पण किती जातील, हे तिच्यात नव्हते.

पैसे परत मिळाले का?

चूक दुसऱ्याच दिवशी लक्षात आली. काहींनी पैसे परत केले, पण सुमारे ५० कोटी डॉलर अडकले. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाचा निकाल बँकेच्या विरोधात गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. एका चुकीपायी दोन वर्षे कोर्टकचेरी झाली.

धडा काय?

तिघांचा समज एकच असेल, तर तपासणी तीनदा होत नाही; एकच चूक तीनदा मंजूर होते. अशा वेळी कर्मचाऱ्यावर खापर फोडणे सोपे, पण रक्कम ठळक न दाखवणारी यंत्रणाही तितकीच जबाबदार ठरते.

तुमच्या मोबाइलशी संबंध काय?

एनईएफटी, आरटीजीएसमध्ये पैसे खाते क्रमांकावरून जमा होतात. एक आकडा चुकला, तर रक्कम भलत्याच्याच खात्यात जाऊ शकते. म्हणूनच पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव पडताळण्याची सुविधा १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले. नाव दिसले, तर घाईत ‘ओके’ दाबू नका. ते वाचा, रक्कम पुन्हा पाहा. कारण तुमच्या व्यवहारात दुसरा तपासनीस नसतो.