यंत्र जुने होते, की जुने ठरविले जाते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा नित्य पाठिंबा थांबविला. त्या दिवशी कोणाच्याही घरातील लॅपटॉप बंद पडला नाही. पडदा उजळला, कळफलक चालला, साठविलेली पत्रे होती तेथेच राहिली. बंद झाल्या त्या सुरक्षिततेच्या विनामूल्य दुरुस्त्या. घरगुती ग्राहकांना कंपनीने त्यांसाठी एका वर्षाची मुदत वाढवून दिली खरी. परंतु तिने प्रश्न पुढे ढकलला, सोडविला नाही. पुढची पायरी ‘विंडोज ११’ची. ती चढावयाची तर किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-व्यवस्था आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर हवा. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर या यादीत नाहीत. म्हणजे २०१६ साली हप्त्याने घेतलेला, आजही धडधाकट असलेला लॅपटॉप एका तारखेने निवृत्त झाला. सरकारी नोकरास निदान निवृत्तिवेतन तरी मिळते!

ज्या घरात लॅपटॉप एकच आहे, तेथे त्याच यंत्रावर मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, बँकेचा व्यवहार होतो आणि शाळेची प्रश्नपत्रिकाही टंकित होते. तो असुरक्षित ठेवणे धोक्याचे आणि नवा घेणे खर्चाचे. तिसरा मार्ग लिनक्ससारख्या मुक्त स्रोत कार्यप्रणालीचा. हा मार्ग संगणकवेड्या तरुणांचा छंद आहे, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. हा समज आता सोडावयास हवा.

या प्रणालीचा उगम दान किंवा काटकसर यांत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली ती वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी. १९९१ साली हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्‌स यांनी तिचा गाभा म्हणता येईल असे ‘लिनक्स’ जगापुढे ठेवले. स्वस्त लॅपटॉपशी तिचा संबंधही जुना आहे. २००७ साली असूस कंपनीचा ‘ई पीसी’ हा सात इंची पडद्याचा चिमुकला लॅपटॉप आला, तो लिनक्स घेऊनच. त्याची मेमरी अवघी ५१२ एमबी. तत्कालीन ‘विंडोज व्हिस्टा’चा भार त्याला पेलणारा नव्हता. तेव्हा मायक्रोसॉफ्टने काय करावे? जून २००८मध्ये विक्रीतून काढून घ्यावयाच्या ‘एक्सपी’ला अशा स्वस्त यंत्रांपुरते २०१०पर्यंत आयुष्य वाढवून दिले. प्रतिस्पर्धी दाराशी आला की जुनी प्रणालीही तरुण होते, असा याचा अर्थ होतो.

आता निवडीचा प्रश्न. लिनक्स एक नाही. त्याची वितरणे शेकडो आहेत, आणि नवख्याचा निम्मा उत्साह तेथेच मावळतो. वितरणाच्या नावापासून सुरुवात न करता आपल्या यंत्राच्या मेमरीपासून करावी. ४ जीबी असेल तर ‘लिनक्स मिंट’चे एक्सएफसीई रूप बहुतेकांस पुरे. त्याचे निर्माते किमान २ जीबी मेमरी व २० जीबी साठवण मागतात आणि ४ जीबी मेमरीची शिफारस करतात. विंडोजची सवय असलेल्यास तेथील मेनू परका वाटत नाही, आणि २०२४ साली आलेल्या मिंट २२ला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत. हा शेवटचा निकष आपण सहसा विसरतो. ज्या त्रासातून सुटावयाचे, तोच दोन वर्षांनी पुन्हा दारात यावयाचा असेल तर बदलाचा उपयोग काय? मेमरी २ जीबीच असेल तर डेबियनवर एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप घ्यावा. फार जुन्या ३२-बिट यंत्रांनी मात्र डेबियनच्या वाटेस जाऊ नये, कारण ऑगस्ट २०२५च्या डेबियन १३ने त्यांच्यासाठीची स्थापना बंद केली. त्यांना ‘अँटीएक्स’ जवळचे.

एक भ्रम येथेच दूर केलेला बरा. कार्यप्रणाली कितीही हलकी असली, तरी मेमरी खातो तो ब्राउझर. दहा पाने एकदम उघडून व्हिडिओ लावला, तर २ जीबीचे यंत्र लिनक्सवरही धापा टाकणारच. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविल्याने जो फरक पडतो, तो पुष्कळदा कार्यप्रणाली बदलून पडत नाही. शिवाय ही वितरणे लॅपटॉपमध्ये काहीही न बसविता पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, एवढे तपासावे; मगच, आणि आपल्या सर्व फाइलींची प्रत अन्यत्र ठेवून, पुढचे पाऊल टाकावे.

मराठीची अडचण बरीच कमी झाली आहे. इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आहेच, आणि लिबरऑफिसचे मेनूही मराठीत मिळतात. खरे दुखणे आहे ते युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकित झालेल्या जुन्या दस्तऐवजांचे. तो फॉन्ट नसेल तर अख्खे इतिवृत्त निरर्थक चिन्हांची रांगोळी होऊन समोर येते; पण हे दुखणे विंडोजवरही तेच, त्याचे खापर लिनक्सवर फोडता येत नाही. ज्यांचे काम ‘टॅली’वर चालते, अथवा ज्यांच्या डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनाचे सॉफ्टवेअर विंडोजपुरतेच मिळते, त्यांनी मात्र घाई करू नये. लिनक्सच्या प्रचारकांना हे सांगणे आवडत नाही. परंतु मार्चअखेरीस हिशेब अडलेल्या कारकुनास तत्त्वज्ञानाचा उपयोग नसतो.

हे अडथळे प्रत्येकाने एकेकट्याने पार करावेत, ही अपेक्षाच अन्याय्य आहे. केरळने ते राज्य म्हणून पार केले. तेथे २००१च्या सुमारास ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. शालेय संगणक-शिक्षण एकाच कंपनीच्या प्रणालीला बांधून टाकू नये, हा आग्रह शिक्षकांच्या चळवळीतून पुढे आला आणि पुढे सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर गेल्या. या प्रकल्पाचे पुढचे रूप असलेली ‘काइट’ ही संस्था शाळांसाठी स्वतःचे वितरण तयार करते. २०२३ साली तिने उबुंटूवर आधारलेली २२.०४ ही आवृत्ती दिली. महत्त्वाचे हे की दहावीची संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षाही याच प्रणालीवर होते. जे परीक्षेत असते ते शिकविले जाते, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

महाराष्ट्रात उलट घडले. २००१पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लाखो लोक संगणक शिकले, हे त्या अभ्यासक्रमाचे मोठेच काम. पण त्यांतील बहुतेकांच्या मनात संगणक म्हणजे विंडोज आणि पत्र म्हणजे वर्ड, हे समीकरण कायमचे बसले. केंद्र सरकारने २०१०मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे आणि २०१५मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले आहे. ओडीएफ हा दस्तऐवजाचा नमुना २००६पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. तरीही कार्यालये माहिती मागवितात ती वर्ड-एक्सेलच्या ठरावीक तक्त्यात, आणि लिबरऑफिसमधून गेलेल्या तक्त्याची एखादी ओळ सरकली तर दोष पाठविणाऱ्या शिक्षकाच्या पदरी पडतो. यावर खर्च काहीच येणार नाही असा उपाय आहे: माहिती मागविणाऱ्या परिपत्रकातच ‘पीडीएफ अथवा ओडीएफ स्वरूप चालेल’ अशी एक ओळ घालणे. ती घालण्यासाठी कोणत्याही कंपनीच्या परवानगीची गरज नाही.