हिमकणांचा फोटो जमला, तर टॉवेलचाही जमेल!



आपल्या सोलापूरकरांना थंडीचं भारी अप्रूप. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलाव, लिंगमळा भागात दवबिंदू गोठले की फोटो फिरायला लागतात आणि आपण गाडी काढतो. जरूर काढा! पण माझं मत स्पष्ट आहे. ज्याला आपल्या मालाचे फोटो स्वतः काढायचेत, त्याने महागड्या कॅमेऱ्याआधी अशी एक पहाट खर्च करावी.

का ते सांगतो.

पहिला धडा पांढऱ्याचा. कॅमेरा समोरचं सगळं सरासरी करड्या उजेडाचं धरून चालतो. त्यामुळे हिमकणांनी पांढरं झालेलं गवत फोटोत मळकट दिसतं. मोबाईलच्या स्क्रीनवर बोट टेकवा, उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. तुमचा पांढराशुभ्र टर्किश टॉवेल फोटोत राखाडी दिसतो ना? कारण तेच, उपायही तोच.

दुसरा काळ्याचा. कड्यातला काळा बेसॉल्ट फ्रेमभर घेतला की कॅमेरा उलटं करतो, दगड फिकट दाखवतो. तिथे पट्टी खाली. गडद रंगाच्या चादरीलाही हाच नियम.

तिसरा पोताचा. कोवळं ऊन आडवं येतं तेव्हा स्ट्रॉबेरीच्या पानावरचा एकेक कण, दगडावरची एकेक खाच उठून दिसते. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट! चादरीची वीण दाखवायचीय? दुकानाच्या दारात, सकाळच्या तिरप्या उजेडात अंथरा. खर्च शून्य.

आता खरा मुद्दा. महाबळेश्वरला आकाशातून बर्फ पडत नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आणि गाड्यांचे टप उष्णता गमावून हवेपेक्षाही थंड होतात. थंड हवा जड, ती सखल भागात साचते. म्हणून तलावाकाठी पांढरा थर असतो आणि तेव्हाच वरच्या बाजारपेठेत काही नसतं. ऊन चढलं की खेळ खलास. पण कोणीतरी ‘बर्फवृष्टी’ लिहून फोटो टाकतो, आणि सकाळी दहाला पोचलेलं कुटुंब हिरमुसतं. ते पुढच्या वेळी कोणावर विश्वास ठेवेल?

तुमचं गिऱ्हाईकही तसंच आहे. क्रीम रंगाचा टॉवेल फिल्टर लावून दुधासारखा दाखवलात, तर ऑर्डर येईल आणि पार्सल परत येईल. जाण्या-येण्याचा खर्च कुणाच्या खिशातून? तुमच्याच! उजेड दुरुस्त करणं म्हणजे खरं दाखवणं, रंग बदलणं म्हणजे फसवणं. एवढा फरक ज्याला कळला, त्याचा माल दुसऱ्यांदा विकला जातो.

उद्या सकाळी एक पांढरी आणि एक गडद वस्तू घ्या, दारात ठेवा आणि पट्टी वर-खाली करून बघा. महाबळेश्वरची थंडी असेपर्यंत हात बसलेला असेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!