प्रायोजक कंपनीने आधी एक तास द्यावा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षा सध्या सुरू आहेत. संगणक विभागांच्या टेबलांवर प्रकल्प-अहवालांच्या, म्हणजे ‘ब्लॅक बुक’च्या, थप्प्या लागल्या आहेत. त्यातल्या अनेक पुस्तकांच्या पहिल्या पानांत कंपनीच्या लेटरहेडवरचे एक पत्र असते : सदर प्रकल्प आम्ही प्रायोजित केला आहे. या पत्राला मोठा मान आहे. बाहेरून आलेले परीक्षक ते आवर्जून पाहतात, विद्यार्थी रिझ्युमेत त्याचा उल्लेख करतात आणि विभागप्रमुख ते मूल्यांकनाच्या फाइलीला जोडतात. पण त्या कंपनीतला कोण माणूस वर्षभरात या मुलांबरोबर किती वेळा बसला, असे विचारले की अनेकदा गट गप्प होतो. काही ठिकाणी तर असे पत्र प्रशिक्षण वर्गाच्या फीबरोबरच मिळते. प्रकल्प तयार, पत्र तयार, मुलाने फक्त पाठ करायचे.

माझे म्हणणे एवढेच आहे की प्रायोजकत्वाच्या पत्रात कंपनीच्या एका अभियंत्याचे नाव आणि त्याचा दर आठवड्याचा एक तास लिहिलेला असावा. ते नसेल तर कॉलेजने त्या प्रकल्पाला प्रायोजित म्हणू नये. निधी, लॅपटॉप, प्रमाणपत्र या गोष्टी नंतरच्या.

असा प्रयोग दुसरीकडे चाललेला आहे. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजने १९६३ साली ‘क्लिनिक’ नावाने हा प्रयोग अभियांत्रिकीत सुरू केला आणि पुढे तिथल्या संगणकशास्त्र विभागानेही तो उचलला. चार-पाच विद्यार्थ्यांचा गट, त्यातलाच एक गटप्रमुख, एक प्राध्यापक आणि कंपनीने नेमून दिलेला एक अभियंता, अशी त्याची रचना. कंपनी कॉलेजला फी भरते, त्यामुळे प्रश्नही जपून निवडते आणि वर्षभर पाठपुरावा करते. आपल्याकडे तशी फी लगेच मिळेल अशी अपेक्षा नाही. पण हिंजवडीतल्या किंवा खराडीतल्या कंपनीला आठवड्याचा एक तास जड नसतो. मागितला जात नाही, म्हणून तो मिळत नाही.

मागायला उशीरही होतो. सातवे सत्र सुरू झाले की गट पडतात आणि मग विषयांची शोधाशोध मुलांवरच सोडली जाते. कुणाच्या भावाची कंपनी, कुणाच्या ओळखीतले मॅनेजर. कागदावर हाताशी दहा महिने दिसतात, पण त्यातच प्लेसमेंटचा हंगाम येतो, दिवाळी येते, सत्रपरीक्षा येते. जानेवारीत मुले खऱ्या अर्थाने कामाला लागतात आणि एप्रिलमध्ये ब्लॅक बुक छापायला जाते. म्हणून प्रश्न शोधण्याचे काम मे-जूनमध्ये, मुले यायच्या आधी, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आणि प्लेसमेंट अधिकारी (टीपीओ) यांनी करायला हवे. कंपनीत जाऊन, तिथल्या माणसाशी बोलून, एका पानाचा मजकूर लिहून आणायचा : अडचण काय, ती रोज कुणाला भेडसावते, माहिती कोणत्या स्वरूपात आहे, काय झाले म्हणजे काम झाले असे कंपनी मानेल.

प्रश्न निवडताना एक पथ्य पाळावे. जे काम अडले तर उद्याची डिलिव्हरी अडेल, ते विद्यार्थ्यांना देऊ नये. कंपनी घाबरून महिन्याभरात ते काढून घेते आणि मुले रिकामी राहतात. जे काम झाले तरी कुणी वापरणार नाही, तेही देऊ नये. प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक कचेरीत ‘कधीतरी करू’ म्हणून ठेवलेली कामे असतात. खरे प्रकल्प तिथे आहेत.

आणि हे सगळे आयटी कंपन्यांतच असते असे नाही. कोल्हापूरचेच घ्या. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्र्या आहेत आणि त्याच शहरात संगणक अभियांत्रिकी शिकणारी मुले आहेत. कास्टिंगमधला ब्लो होल, म्हणजे आत अडकलेल्या वायूची पोकळी, बरेचदा ओतकामाच्या दिवशी दिसत नाही. काही दिवसांनी मशीन शॉपमध्ये धातूचा वरचा थर निघाला की तो उघडा पडतो. तोवर ती हीट (एका वेळी वितळवलेला धातू), त्या दिवशीची वाळू, वाळूतला ओलावा, धातूचे तापमान हे सगळे एखाद्या रजिस्टरात मागे गेलेले असते. फाउंड्रीची नोंद तारखेने आणि मशीन शॉपची पार्ट नंबरने ठेवलेली असेल, तर दोन्ही कसे जुळवायचे? कास्टिंगवर हीट नंबर उमटवला जातो का? नसेल तर कशाच्या आधारे माग काढायचा? दोन नोंदींची जोडणी डेटाबेसच्या पेपरात एका वाक्यात शिकवली जाते, तिचे इथे पैशात मोजता येणारे रूप दिसते. शिवाय नोंद करणारा माणूस रात्रपाळीचा सुपरवायझर आहे, त्याच्या हातात मोजे आहेत, शेडमध्ये नेटवर्क येत-जात राहते. फोनवरच्या अॅपमधले बटण केवढे असावे आणि नेटवर्क नसताना नोंद कुठे साठवावी, हे वर्गात बसून ठरत नाही. मुलांना त्या पाळीत जाऊन उभे राहावे लागते.

कोड लिहिणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून नेहमीच्या वळणाचा प्रोग्राम मिनिटांत मिळतो. त्या सुपरवायझरला नेमके काय विचारायचे, हे मात्र त्याच्यासमोर बसूनच कळते. चार वर्षांच्या पदवीत हे शिकायची जागा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हीच आहे, आणि आपण ती विकतच्या प्रोजेक्टांना देऊन टाकतो याचे मला फार वाईट वाटते.

मालकीचा मुद्दा आधी मिटवावा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो; पण प्रकल्प करणारा विद्यार्थी कंपनीचा नोकर नसतो. त्याने लिहिलेल्या कोडचा हक्क कंपनीला हवा असेल तर लेखी हस्तांतरण लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. गोपनीयतेच्या करारावर मुलांकडून घाईने सह्या घेण्यापेक्षा कॉलेजने एकच साधा मसुदा तयार ठेवावा : कोड कुणाचा, ब्लॅक बुकमध्ये काय छापता येईल, मुलाखतीत मुलाला काय दाखवता येईल. रुग्णालय किंवा पतसंस्था प्रायोजक असेल तर लोकांची खरी माहिती मुलांच्या लॅपटॉपवर जाणार नाही हेही त्यात हवे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर तर ही जबाबदारी कुणी हलकी समजू नये.

राहिला गुणांचा प्रश्न. आज तोंडी परीक्षेत ‘अल्गोरिदम कोणता, अॅक्युरसी किती, पेपर कुठे छापला’ असे विचारले जाते. फाउंड्रीत रोज चालणारे साधे सॉफ्टवेअर या तिन्ही प्रश्नांत मागे पडते आणि भारदस्त शीर्षकाचा, कुणीही न वापरलेला प्रकल्प पुढे जातो. हे अन्यायाचे आहे. निदान काही गुण हस्तांतरासाठी राखावेत : मुले खोलीबाहेर असताना कंपनीच्या माणसाने ते सॉफ्टवेअर चालवून दाखवायचे. गिटच्या नोंदींवरून गटातल्या कुणी काय लिहिले हेही परीक्षकाने पाहावे. आणि प्रश्नच चुकीचा निघाला व गटाने ते पुराव्यानिशी दाखवून दिले, तर त्यालाही पूर्ण गुण मिळावेत.

नवे सत्र सुरू व्हायला थोडेच आठवडे आहेत. ज्यांचा कारखाना, दवाखाना, सहकारी संस्था किंवा सॉफ्टवेअर कंपनी आहे त्यांना माझी विनंती आहे : तुमच्याकडचे एक रखडलेले काम आणि त्यासाठी आठवड्याला एक तास देईल असा एक माणूस ठरवा, आणि जवळच्या कॉलेजच्या प्रोजेक्ट कोऑर्डिनेटरला याच महिन्यात फोन करा.