अर्धा तास भोपाळला, बारा तास भंगाराला

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळमधल्या युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातून बारा कंटेनर पिथमपूरला निघाले. आत ३३७ टन विषारी कचरा होता. वायुकांडाला चाळीस वर्षे उलटली होती, आणि हायकोर्टाने कान उपटल्यावर सरकार हलले होते. त्या वेळच्या बातम्यांतला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. सुमारे शंभर मजुरांनी हा कचरा भरला आणि त्यांना तीस-तीस मिनिटांच्या पाळ्यांत काम दिले, मध्ये विश्रांती दिली, तब्येत तपासली, असे अधिकाऱ्यांनी सांगितले.

म्हणजे विषाजवळ माणसाने किती वेळ थांबावे, हे सरकारला कळते. मग धारावी, कुर्ला, भिवंडीच्या भंगार गोदामांत केमिकलचे रिकामे ड्रम धुणाऱ्या पोराला हा हिशेब का लागू होत नाही? तो दहा-बारा तास त्याच वाफेत असतो. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. ड्रममध्ये बेंझिन असेल तर ते हाडांच्या मगजापर्यंत पोचते, त्यातून रक्ताचा कर्करोग होतो. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्याच्या अंगात शिसे साठते. मज्जातंतू आणि मूत्रपिंड बिघडतात. शिवाय शिशाची धूळ कपड्यांवर बसून घरी येते आणि अब्बांना बिलगणाऱ्या लेकराच्या वाढत्या मेंदूवर घाला घालते.

'मजुरांची काळजी' हा काही दयेचा विषय नाही, तो सगळ्या शहराचा प्रश्न आहे. याचा पुरावाही भोपाळनेच दिला आहे. डिसेंबर १९८१ मध्ये त्याच कारखान्यातला कामगार मोहम्मद अश्रफ खान फॉस्जीन वायूने मेला. त्या मृत्यूने पत्रकार राजकुमार केसवानी अस्वस्थ झाले, शोध घेऊ लागले. १९८२ मध्ये त्यांनी आपल्या साप्ताहिकात शहराला इशारे दिले. कोणी कान दिला नाही. १९८४ च्या डिसेंबरमध्ये जे झाले ते जगाला माहीत आहे. विष आधी मजुराला गाठते, मग मोहल्ल्याला. मजुराच्या आजाराची नोंद न ठेवणारे शहर स्वतःचाच इशारा पुसून टाकत असते.

आता कायद्याकडे पाहा. जुन्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा आणि विजेविना वीस कामगारांची अट होती. नव्या श्रमसंहितेने ती वीस आणि चाळीस केली. आठ-दहा पोरांचे गोदाम आणखी लांब फेकले गेले. पण त्याच संहितेत धोकादायक काम अधिसूचित करून एका कामगारालाही कायदा लावण्याची सोय आहे. ड्रम धुणे, बॅटरी फोडणे, तांब्यासाठी वायर जाळणे ही कामे धोकादायक नाहीत, असे कोणता मंत्री छातीवर हात ठेवून सांगेल?

सरकारला जाब विचारताना आपल्या माणसांना मात्र सोडता येणार नाही. या धंद्यात कितीतरी मजूर आपले आहेत, तसेच कितीतरी शेठही आपलेच आहेत. रमजानमध्ये हेच शेठ जकात काढतात, इफ्तार देतात. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबरांची शिकवण आपण खुत्ब्यात ऐकतो आणि मान डोलावतो. पण घामाबरोबर फुप्फुसेही वाळत असतील तर त्याचे काय? जकात हा गरिबाचा हक्क आहे. हातमोजे, वाफ अडवणारा मास्क, खेळती हवा, कपडे बदलायला जागा हा कामगाराचा वेगळा हक्क आहे. एक देऊन दुसरा फिटत नाही. मजूर आजारी पडल्यावर 'अल्लाहची मर्जी' म्हणणे म्हणजे स्वतःच्या कंजूषपणाचे खापर अल्लाहवर फोडणे आहे.

माझे मागणे साधे आहे. गोदामाच्या वस्त्यांत वर्षातून एकदा रक्तातल्या शिशाची तपासणी व्हावी, आणि आपल्या जमातींनी, ट्रस्टनी त्यासाठी महापालिकेच्या मागे लागावे. केमिकल विकणाऱ्या कंपनीने आपला ड्रम धुऊनच बाहेर सोडावा, किंवा तो परत घ्यावा. नफा तिने घ्यायचा आणि तळाशी उरलेले विष आपल्या पोरांनी हुंगायचे, हा सौदा आता पुरे. जो अर्धा तास भोपाळच्या कचऱ्यासाठी मोजता आला, तो इथेही मोजा.